निशिगंधाची वाटणी

७ मार्च १९९८
भिंतीचा पाया नेमका सासूबाईंच्या निशिगंधातून जाणार, म्हणून सगळे कंद आज उपटले. घराचे दोन भाग झाले, आता कंदांचे. त्या बाजूला धाकटी जाऊ सुमन एकटी, या बाजूला मी एकटी. तिनेच पोत्यावर दोन ढीग केले. एकात थोराड कंद, दुसऱ्यात त्यांची पिल्लं. म्हणाली, "वहिनी, तुम्ही आधी उचला."
शाळेत नन्स शिकवायच्या, दुसऱ्याला आधी घेऊ द्यावं. नन्सना जावा नव्हत्या. थोराड ढीग उचलला.
गवंडी म्हणाला, भिंतीत दार ठेवू का? म्हटलं, ठेव सध्या. हिचं वागणं बघू, मग बुजवायचं की नाही ते ठरवू.

११ मार्च
सु.ने (पूर्ण नाव लिहावंसं वाटत नाही) कॉलनीभर केलंय की वहिनींनी मोठे कंद लाटले. समोरच्या मालूताई भाजीवाल्यासमोर मला म्हणतात, "बिचारीला चार बरे द्यायचे होते." ढीग कोणी केले होते?

२ ऑगस्ट
तिच्याकडे दांड्यांवर दांडे. माझ्याकडे नुसती पात, गाईला घालण्याजोगी. संध्याकाळी दारातून हात आला, हातात फुलं. "देवाला, वहिनी." घेतली. देवाचा काय दोष. पण हसत होती का ती?

१९ ऑगस्ट
तिचा भाऊ नामपूरहून कांदे घेऊन आला होता. माझा वाफा बघून म्हणाला, "अक्का, हे तर फुलून गेलेले कंद. एकदा फुलला का तो संपला. आता नुसती पिल्लं देतील. लहान पोरालाबी माहीत ऱ्हातं आमच्याकडं."
आमच्याकडं! म्हणजे बहिणीला माहीत नव्हतं?

२० ऑगस्ट
दारात उभं राहून विचारलं. "तुला माहीत होतं."
"माहीत असतं तर मालूताईंजवळ रडले असते का? माहेरी कांदे लावले मी वहिनी, फुलं नाही."
उत्तर तयार होतं. तयार उत्तराचीच मला धास्ती.
गवंड्याला निरोप धाडला, दार बुजव. पाऊस उघडल्यावर येतो म्हणाला.

६ ऑक्टोबर
चार दिवस ताप. सु. दारातून येऊन जाऊन. मुगाची खिचडी, डोक्यावर पट्ट्या. मीठ जास्त होतं. गवंडी आला, तर त्याला परत पाठवलं. का, ते मलाही...
मालूताईंना मात्र सगळं कळलेलं. "किती करते हो तुमचं!" म्हणजे सांगून झालं.

२१ फेब्रुवारी १९९९
सु. आपणहून म्हणाली, "दोन्हीकडचे कंद काढून पुन्हा वाटू. या वेळी ढीग तुम्ही करा, मी उचलते." सकाळभर बसून केले. थोराड, पिल्लं, दोन्हीत सारखी. पोतं दारातच अंथरलं.
कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "कुठला घेऊ?"
"कुठलाही."
"कुठलाही म्हणताय म्हणजे काहीतरी आहे."
माझ्यावर संशय! माझ्यावर!
"बरं, मग डावा घे."
"आता तर नाहीच घेत डावा."
"उजवा घे."
एक कंद उचलला, उलटासुलटा केला, परत ठेवला आणि स्वयंपाकाचं निमित्त काढून गेली. माझा पारा चढला. गवंड्याकडे माणूस धाडला. दुपारी विटा येऊन पडल्या. उद्या सकाळी दार बुजवायला येतोय.
ढीग अजून उंबऱ्यातच आहेत. ते हलल्याशिवाय त्याला वीट लावता येणार नाही. मी हलवणार नाही. उचलायची पाळी तिची आहे.