खिडकीतला मग

रिचमंड, ५ ऑक्टोबर १९५३

चि. विल्फ्रेड यास हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा दुखतो म्हणतोस आणि त्याच पत्रात तीन वेळा जेवणाचं वर्णन करतोस. म्हणजे ठणठणीत आहेस.

आता कामाचं. येत्या पंधरा तारखेला एमॉसना धुक्यात हरवून सात वर्षं होतील. नवरा गेला म्हणावं तर दफन नाही, आहे म्हणावं तर घरात नाही. लॅपविंग पबच्या पीकॉकबाई रोज दुपारी चार वाजता त्यांच्या नावाचा बियरचा मग डोंगराकडच्या खिडकीत ठेवतात. सात वर्षं भरली की घरच्या माणसानं तो प्यायचा आणि शेवटचा घोट उंबऱ्याबाहेर ओतायचा. मग गेलेला सुटतो आणि मागे राहिलेलीही. कोर्टाचा कागद मिळालाय, पण आम्ही वरच्या खोऱ्यातली माणसं. नुसत्या कागदानं माझं मन मानत नाही.

कॅल्व्हर्ट मास्तर नोव्हेंबरात लग्न करू म्हणतात. भला माणूस आहे. मला पुन्हा कुणाशी तरी बोलत जेवायचंय रे! पण तिथे जायचं धैर्य होत नाही. त्या सकाळी दारात मी एमॉसना काय बोलले, ते माझं मला माहीत. तेव्हा तू जा. आई गेल्यावर तुझं शेंबडं नाक मी पुसलंय, एवढं तरी कर.

आणि घोट ठेव हं. तुझी ताट चाटायची सवय ठाऊक आहे मला.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई

लॅपविंग पब, १५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोचलो. चढ असा की गुडघ्यानं आईची आठवण करून दिली. पण काय जागा आहे! खिडकीतून अख्खं खोरं दिसतं, दगडी कुंपणं, मेंढ्या आणि वर तो डोंगर. पीकॉकबाईंनी सशाचा रस्सा वाढला, वर फळांचा केक आणि त्याच्यासोबत चीजची जाड फोड. मी दोनदा मागून घेतलं. इथली काळपट बियर तर अशी, की यॉर्कमध्ये मी आजवर गढूळ पाणीच पीत होतो म्हणायचं.

आता रागावू नकोस. चार वाजता भावोजींचा मग घेतला, सगळे मेंढपाळ टोप्या काढून उभे राहिले. मी प्यायलो, आणि बोलता बोलता मग रिकामा! शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही केलं. सवय गं. कुणीतरी दाराची कडी घातली. पीकॉकबाईंनी मग पुसला, पुन्हा भरला, माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, एमॉस, शेकोटीजवळ बसणार का? मी हसलो. माझ्याखेरीज कुणी हसलं नाही.

बाहेर धुकं आहे, म्हणून उद्याही इथेच. भिऊ नकोस गं, म्हातारी चेष्टा करत असेल. हात मात्र फार गार पडलेत.

असाच रागव, पण टाकू नकोस.
तुझा विल्फ

लॅपविंग पब, १८ ऑक्टोबर

हेटी,

इथे बरं वाटतं. सात वर्षांनी ऊब मिळाली की माणूस सुस्तावतो. रस्सा नको वाटतो, नुसता शेकोटीपाशी बसतो.

डोंगरावर रोज चारच्या सुमाराला एक माणूस दिसतो. राखाडी टोपी, उजव्या पायानं लंगडतो. काहीतरी ओरडतो, पण काचेतून ऐकू येत नाही. काल होता त्याहून आज जवळ आलाय. पीकॉकबाई म्हणाल्या, त्याच्याकडे बघू नकोस.

त्या सकाळी तू म्हणालीस, जाताय तर परत तोंड दाखवू नका. वेडे, मी ते मनावर घेतलंच नव्हतं. रागावून नव्हतो गेलो. वाट चुकली, एवढंच. तुला हे सांगायचं राहून गेलं होतं.

वाट बघतोय.

रिचमंड, २० ऑक्टोबर

सौ. पीकॉकबाई यांस हेस्टरचा स. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी आणि अठरा तारखेचं ते पत्र एकाच टपालानं आलं. अक्षर माझ्या भावाचं आहे. पण मला हेटी म्हणणारा एकच माणूस होता, आणि दारातलं ते बोलणं त्याच्याशिवाय कुणीही ऐकलं नव्हतं. वाचून रडले, आणि रडताना इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच भीती वाटली.

तुम्ही लिहिता, शेवटचा घोट ओतला नाही की गेलेला पिणाऱ्याच्या जागी येतो आणि पिणारा डोंगरावर अडकतो; मग आठ दिवसांच्या आत घरच्या माणसानं उंबऱ्यावरून नावानं हाक मारायची. ज्याला हाक मारली तो घरात राहील, दुसरा कायमचा डोंगरावर. गुरुवारी चारला येते. विल्फ्रेडला हाक मारीन, त्यात विचार तो काय करायचा? लेकरासारखा वाढवलाय त्याला. सकाळपासून घरात विल्फ्रेड, विल्फ्रेड म्हणून बघतेय. नाव जिभेवर बसलेलं बरं.

तोवर त्याला सांभाळा.
हेस्टर

लॅपविंग पब, २३ ऑक्टोबर

रा. रा. कॅल्व्हर्ट मास्तर यांस डॉर्कस पीकॉकचा स. न. वि. वि.

तुम्ही तारेनं चौकशी केलीत. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. लग्नाची तयारी थांबवा.

हेस्टर काल वेळेवर आली. खिडकीतला माणूस पाठमोरा बसला होता. डोंगरावरचा अंगणाच्या भिंतीपर्यंत आला होता, टोपी हातात धरून. तिनं त्याला पाहिलं, ओळखलंही. नाव घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतला हलकेच हेटी म्हणाला.

मग तिनं हाक मारली. एमॉसला.

दोघं हात धरून पुढच्या दारानं गेली, कुठे ते विचारलं नाही. तिला शिव्या घालू नका, मास्तर. मी गावातल्या सगळ्यांना तेच सांगतेय, आणि माझं मलाच पटत नाही.

भिंतीपाशी तो अंधारेपर्यंत उभा होता. त्याला वाटलं असणार, ताई पुढची हाक आपल्याला मारेल.

तुम्हीही जपून असा.
डॉर्कस पीकॉक