सावडीवर एक मण शेवया

ता. १२ एप्रिल १९५६, गुरुवार. पाडवा.
आजपासून ही वही रोज लिहायची. काल चावडीपुढं ग्रामसेविका बाईंनी भाषण दिलं. म्हणाल्या, धंदा करणाऱ्या बाईनं रोज लिहावं म्हणजे आपल्या चुका दिसतात. माझ्या चुका होत नाहीत. पण लिहायला काय जातंय. दुसरी पास आहे. तिसरीतही दोन महिने बसले होते.
धंदा ठरला. महिन्यानं ईद आहे, तेव्हा खपणारा माल. शेवया.
कारण असं की कारभारी सडकेवर डागडुजी करणारे मैलकुली आहेत आन् ते काम वैशाखात सरतंय. निमोण्याहून थोरल्या दिरांचा, म्हणजे आबांचा निरोप आलाय, परत या, शेत आहे, घर आहे. घर आहे तशी घरात थोरली जाऊ रतनबाई पण आहे. तिच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. मीठ तिला विचारून, शेण तिला विचारून, झोप तिला विचारून. तिथं मी जाणार नाही.
कारभाऱ्यांना सांगितलं, मी इथं वरवंडातच धंदा उभा करते. म्हणाले, कर. ईदपर्यंत उभा ऱ्हायला तर ऱ्हाऊ, न्हाईतर बिऱ्हाड निमोण्याला. एवढं बोलून कुशीवर वळले. धंद्याला लागतो तो जोर त्यांच्यात नाही.

ता. १४, शनिवार.
एस्टीनं दौंडला गेले. सिद्दीकशेठचं किराणा दुकान शेजारच्या रजियाच्या मामेभावाचं, म्हणून तिला बरोबर नेलं. तिनं घरच्या मूठभर शेवया पदरात बांधून आणल्या होत्या. त्याच सँपल म्हणून दाखवल्या. शेठनी उजेडात धरून बघितल्या. म्हणाले, हात कुणाचा? मी म्हणाले, आमचा. आम्ही दोघी उभ्या होतो, त्यामुळं खोटं काही नाही.
शेठ म्हणाले, एवढी बारीक एक मण मिळंल का? मी म्हणाले, दोन मण सांगा. रजियानं माझ्या पायावर पाय दिला. एकाच मणाची ऑर्डर ठरली. माल नऊ मेच्या आत दुकानात पाहिजे, मग तीन दिवसांत ईद. गहू त्यांचेच, पोतं एस्टीच्या टपावर टाकून दिलं. गिऱ्हाइकाला पटल्या तर दर सणाला ऑर्डर. निघताना मी सांगितलं, केसासारख्या करून देते. कशाच्या केसासारख्या ते शेठनी विचारलं नाही.
येताना रजिया सगळी वाट गप्प. रोजा आहे, त्यानं असेल.

ता. १५, रविवार.
प्लॅन. बाई म्हणाल्या होत्या, एकटीनं सगळं करू नका, माणसं जोडा. ह्याच्यावर सकाळपासून विचार केला. मजूर लावले तर मजुरी. सावड केली तर फुकट. सावड म्हणजे आज तू माझ्याकडं राब, उद्या मी तुझ्याकडं राबते. उन्हाळ्यात सगळी आळी शेवया-पापड असेच करते. फक्त ह्यात कुणी धंदा बघितला नव्हता. तो मी बघितला. शाळा फार शिकली की असं सुचत नाही.

ता. १७, मंगळवार.
आळीतल्या सात बायका कबूल. दोन दिवस यायच्या. वच्छलाबाईनं माझं नाव घेऊन विचारलं, साखर, फेडशील कवा? माझ्या पोरीचं लगीन हाय पुढल्या म्हैन्यात, रुखवताच्या शेवया व्हायच्यात. मी म्हणाले, फेडीन की. ती म्हणाली, कवा? मी म्हणाले, धंदा सुरू व्हायच्या आधीच वसुली काढतीस, अशानं आपली बायकांची जात मागं राहिली. तेव्हा हो म्हणाली.
फेडायचं पावसाळ्यात बघू. तेव्हा मला वेळच वेळ असणार.

ता. २०, शुक्रवार.
सावडीचा पहिला दिवस. मी मॅनेजर. कोण कुठं बसायचं ते सांगितलं. रजिया खाटेवर तिरका पाट टेकून शेवई वळणार, वच्छलाबाई खाली ताटात झेलणार, बाकीच्या कणीक तिंबायच्या, वाळत घालायच्या. मी सांगितलं त्याच्या आधीच त्या तशा बसल्या होत्या. शिस्त लागलेली दिसते.
मधी घटकाभर मीही पाटावर बसले. म्हातारी सरदारबी म्हणाली, बाय, ही शेवई हाय का म्हशीचं दावं? तिला डोळ्यानं कमी दिसतं. मोतीबिंदू पिकलाय. मी उठले, कारण मॅनेजरनं एका जागी बसून चालत नाही.
दुपारी हिंडून हिंडून माझेच पाय दुखले. बायका काय, बसूनच होत्या.

ता. २१, शनिवार.
दोन दिवसांत मणाच्या चाळीस शेरांतले पंचवीस शेर. रजिया म्हणाली, भाबी, आत सोप्यात वाळवू, रस्त्याला धूळ हाय. मी म्हणाले, सावलीत वाळवायला लागलो तर ईद पुढच्या साली गाठंल. दहा शेर तिनं हट्टानं आत नेल्या. बाकीच्या पंधरा मी खाटांवर पसरून सडकेकडंला उन्हात. येणारा-जाणारा बघतो, तेवढीच धंद्याची जाहिरात. दोन ट्रकवाल्यांनी थांबून बघितलं सुद्धा.
संध्याकाळच्याला सडकेवर मुरूम पसरायची गँग आली. आमचे कारभारीच होते त्यात. मला हात केला. मीही केला.

ता. २३, सोमवार.
शेवयांना रंग गव्हाळ आलाय. छान दिसतो. रस्त्याकडच्या पंधरा शेर दौंडला पोचवल्या.

ता. २६, गुरुवार.
शेठनी पंधराच्या पंधरा शेर परत पाठवल्या. एस्टीच्या कंडक्टरकडं निरोप, दाताखाली कचकचतंय. ईदेच्या शिरखुर्म्यात मुरूम घालू का, असंही विचारलंय.
मी कारभाऱ्यांना म्हणाले, तुमच्या मुरमानं माझा धंदा बुडवला. ते म्हणाले, मुरूम सरकारी हाय. नंतर म्हणाले, शेवया कुणी सांगितल्या व्हत्या सडकेवर मांडायला. मी म्हणाले, सडक तुमची नव्हं का? त्यावर ते फावडं धुवायला गेले.
वाया काही गेलं नाही. दहा शेर चांगल्या आहेत. राहिल्या तीस. घरातले गहू काढले. परत दोन दिवस सावड बोलावली की झालं.

ता. २७, शुक्रवार.
सावड बोलवायला गेले. वच्छलाबाई म्हणाली, आधीचं फेड. बाकीच्या पण तेच. म्हणजे ही सगळ्यांची आधीच बोलणी झालेली. मी म्हणाले, पावसाळ्यात फेडते. नकुशी, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, पावसाळ्यात शेवया कुटं वाळवायच्या, तुझ्या डोक्यावर?
सात जणींचे दोन-दोन दिवस, चौदा. आज सत्तावीस. नऊला माल. बोटांवर मोजलं, मग पायाच्या बोटांवर. बसत नाही. पण मी चटपटीत आहे.

ता. २९, रविवार.
वच्छलाबाईकडं सावड फेडली. सकाळी पाटावर बसले, तिनं ताट बघितलं, मग मला बघितलं. म्हणाली, साखर, तू रवा चाळ. रुखवत पाव्हन्यांच्या म्होरं मांडायचंय. दिवसभर रवा चाळला. हे सगळ्यात जबाबदारीचं काम आहे. रवा नीट नसेल तर पुढं काहीच होत नाही, हे तिलाही कळलं असणार.

ता. २ मे, बुधवार.
परवा नकुशीकडं चाळलं. काल सरदारबीकडं जातं ओढलं. आज रजियाकडं पाणी भरलं. पाटावर कुणीच बसवत नाही. मला दमवायचं नाही असं ठरवलं असावं, धंदेवाली बाई म्हणून. फक्त रजियानं सांगितलं ते पटलं नाही. चाळण्याचा आन् पाण्याचा अर्धा दिवस धरायचा, असं आळीचं ठरलंय म्हणे. म्हणजे चार दिवस राबले आन् दोन फिटले.
मी म्हणाले, हे कोणत्या कायद्यात आहे? ती म्हणाली, भाबी, तुम्ही वळलेलं तर आम्हालाच परत वळावं लागतं.

ता. ४, शुक्रवार.
कारभाऱ्यांनी आज भांड्यांचं एक गाठोडं बांधलं. मी सोडलं.

ता. ५, शनिवार.
शेठचा निरोप. नऊ नाही तर अकरापर्यंत थांबतो. नंतर पुण्याहून मशीनची शेवई आणणार.
परवापासून सावड फेडायला कुणाकडं गेले नाही. आज दार लावून एकटी बसले, तीस शेर एकटीनं करायच्या. दुपारपर्यंत दोन शेर झाल्या. त्या कारभाऱ्यांनी बघितल्या. हातात धरून म्हणाले, ही एक खाटंला लावू का, सुंब तुटलंय. खरं सांगायचं तर तेवढ्यात मलाही तसंच वाटलं होतं.
ह्या वहीत ते लिहायला नको होतं. पेनानं लिहिलंय.

ता. ६, रविवार.
कारभाऱ्यांनी मला न सांगता निमोण्याला निरोप धाडला होता. आज बैलगाडी आली. गाडीत रतनबाई. दोन वर्षांनी तोंड बघितलं. उतरल्या उतरल्या म्हणाली, चूल कुणी मांडली अशी?
भांडी गाडीत चढली. मी चढणार एवढ्यात वच्छलाबाई आडवी आली. मागं सगळी आळी. म्हणाली, सावड फेडल्याबिगर साखर हलणार न्हाई. माझं रुखवत अर्धं पडलंय.
माझ्या मनात आलं, बरं झालं. देणं आहे तोवर मला कुणी नेऊ शकत नाही. दिवसच बारा राहिलेत, त्यात अर्ध्या मापानं चोवीस होतात. तोवर ईद मागं पडेल आन् कारभारीही विसरतील.
रतनबाई गाडीतून खाली उतरली. म्हणाली, सावड घराची असती, माणसाची न्हाई. पाट कुटाय?

ता. ८, मंगळवार.
काल आन् आज रतनबाई वच्छलाबाईच्या खाटेवर बसली, बाकीच्यांनी आपापला रवा तिथंच आणला. तिच्या हातातून शेवई सुटते ती दिसत नाही, ताटात पडली की कळते. बायका कामं टाकून बघत बसल्या. सरदारबीनं एक हातात घेतली, डोळ्याजवळ नेली आन् म्हणाली, मशाल्ला. मोतीबिंदू आहे, तरी दिसली.
आळीनं ठरवलं, हिचा एक दिवस साखरच्या सहा दिवसांना. फिटली सावड.
मग रतनबाईनं रजियाला विचारलं, ती शेठची ऑर्डर काय भानगड हाय?

ता. १०, गुरुवार.
कालपासून आमच्या दारात आठ बायका. सावड नाही, कुणाला फेडायचं नाही. रतनबाईनं सांगितलं, जिचा जेवढा हात तेवढी वाटणी. वाळवण सगळं सोप्यात, वर धोतर बांधून. मला चाळायला बसवलं. मी सुचवलं, मॅनेजर म्हणून उभी राहू का? तिनं ऐकलं नाही, का ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते कळलं नाही.
संध्याकाळी तीस शेर पुऱ्या झाल्या. ग्रामसेविका बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, बघा, अशी माणसं जोडायची असतात. रतनबाईकडं बघून म्हणाल्या.

ता. १३ मे, रविवार.
काल ईद झाली. रजियानं शिरखुर्मा पाठवला. कचकचत नाही.
शेठ शुक्रवारी माल बघून खूश. बकरी ईदेला दोन मण. ऑर्डर रतनबाईच्या नावावर.
म्हणजे हिशेबानं मी जिंकले. ईदपर्यंत धंदा उभा राहिला, निमोण्याला जायचं टळलं. गाडी आज परत गेली. गाडीत फक्त कारभारी गेले, आबांना शेतावर माणूस पाहिजे होतं. जाताना फार आनंदात दिसले. रतनबाई राहिली. म्हणाली, धंदा चांगलाय, दिवाळीपर्यंत तरी हितंच ऱ्हाते, मग बघू. तिचं अंथरूण सोप्यात घातलंय. चूल तिनं पूर्वेला फिरवली.
उद्या दिवस उगवायच्या आत पाणी भरून रवा दोनदा चाळून ठेवायचा, असं सांगितलंय तिनं.
मी बरं म्हणाले.