मामाचं ‘नको, राहू दे’

माझ्या आईला रिहाबचा लंडनहून सलाम.

मी ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत? छावणीत पाणी येतं का?

इंग्रजीच्या वर्गात सध्या खायला-प्यायला कसं मागायचं ते शिकवतात. ‘चहा द्या’ म्हटलेलं चालत नाही, ‘मला चहा मिळू शकेल का’ असं विचारायचं. ती वाक्यं मी बक्रीमामाकडूनही घोकून घेते.

तुझा भाऊ अजून दवाखान्यातच आहे, पण बरा आहे. फक्त फार वाळलाय. नर्सबाई ताट आणून विचारते, जेवणार का? हा आपल्या सुदानी रीतीने म्हणतो, ‘नको, राहू दे,’ आणि आग्रहाची वाट बघत बसतो. ती ‘थँक्यू’ म्हणून ताट परत नेते.

परवा मी चिडलेच. म्हटलं, “मामा, पहिल्यांदाच हो म्हणत जा ना.”

“म्हणजे मला हावरट समजू देत होय? तुझ्या आजीने नाही हे शिकवलं.”

कालपासून त्याला नळीतून अन्न देतात. त्यासाठी कुणी विचारत नाही, तेव्हा तू काळजी करू नकोस.

आई, तुला तिथे दुसऱ्यांदा कोण विचारतं गं?

तुझीच,
रिहाब