जागा करायला लागणारी जागा

तीर्थस्वरूप मावशीस भाच्याचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (व्यायामाला तू बुट्टी मारतेस हे काकांनी मला कळवलं आहे.) फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

ऑफिसात मी नेमकं काय करतो, असं तू नेहमी विचारतेस. तर ऐक. कॉम्प्युटरची मेमरी भरली की सध्या न लागणारा माल दाबून त्याचे छोटे गठ्ठे बांधायचे, म्हणजे जागा होते. हे गठ्ठ्यांचं खातं माझ्याकडे. पण मेलं गठ्ठा बांधायलाही थोडी जागा लागते. ती मागितली की हुकूम सुटतो, जागा करा, म्हणजे आणखी गठ्ठे बांधा, आणि त्यासाठी पुन्हा जागा मागा. परवा साहेबांसमोरच मशीन असं स्वतःभोवती फिरत राहिलं आणि शेवटी ढिम्म झालं. साहेब माझ्याकडे बघत होते, मी खिडकीबाहेर. मग मी नियम घातला: गठ्ठा बांधणाऱ्याने जागा मागितली आणि ती नसली, तर सरळ नाही म्हणायचं, जागा करायला धावायचं नाही. तो माल न बांधता तसाच डिस्कवर, म्हणजे मागच्या कोठारात, जाईल. वेळ थोडा जास्त लागतो, पण मशीन चालू राहतं. साहेबांनी स्वतः चहा पाजला.

हे शहाणपण घरी आणायला मात्र मी विसरलो. रविवारी तुझी भाचेसून आमच्या बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येणार, तोवर पाळण्यासाठी खोली रिकामी हवी. पुस्तकं भरायला खोकी आणली. खोकी ठेवायला कपाट स्वयंपाकघरात सरकवलं, कपाटासाठी टेबल बाहेर काढलं, आणि आता पाळणा न्हाणीघरात उभा आहे. (आंघोळ मी शेजाऱ्यांकडे करतो. ते अजून बोलतात माझ्याशी.) मुलगी मात्र गोड आहे गं, नाक थेट तुझं. तिला पाळणा न्हाणीघरात दाखवायची मला लाज वाटते.

तुझा,
पसारेवाला

ता. क. सहा खोकी तुझ्या माळ्यावर मावतील का? मावत नसतील तर सरळ नाही म्हण. जागा करायला तिकडचं काही इकडे पाठवू नकोस. (मागे अशीच पाठवलेली तुझी शिलाई मशीन खोलीच्या दारातच आहे, पाळणा तिच्यामुळेच अडलाय.)

ता. क. २. खोकी राहू दे. एवढ्या गोंधळात खिडकीजवळच्या खाटेवर मी एक पुस्तकही ठेवलेलं नाही, ती तुझ्यासाठी राखली आहे. आम्हा दोघांनाही बाळाला धरता येत नाही. शनिवारी ये. एवढ्याला मात्र नाही म्हणू नकोस.