पुलाच्या पानावरून आजोबांचं नाव काढल्याबद्दल

ती. थोरल्या मामांना साष्टांग नमस्कार (उलट आशीर्वाद येणार नाही, हे धरूनच वाकलो आहे).

गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मी बरा आहे, म्हणजे पाठ धरलेली आहे, डोळे चुरचुरतात आणि घरात आईसकट सगळे माझ्याशी कामापुरतं बोलतात. परवा तुमच्याकडे आलो तेव्हा मामींनी सगळ्यांना चहा दिला आणि माझ्यासमोर कप ठेवताना म्हणाल्या, "हा चहाच आहे, पण पुरावा नाही हो माझ्याकडे." सगळे हसले. तुम्ही मात्र खिडकीकडे तोंड करून बसला होता, म्हणून जे समोर बोलता येत नाही ते लिहायला घेतलं आहे.

मुक्त ज्ञानकोशाच्या 'जुना पूल' या पानावर तुम्ही चौदा वेळा लिहिलंत की पुलाचा आराखडा तुमच्या वडिलांनी केला. त्यातल्या दहा वेळा ते खोडणारा मीच, हे तुम्हाला कळलेलं आहे. मामा, हा कोश कुणालाही लिहायला मोकळा आहे, म्हणून कुणाला तरी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. माझ्या यादीत चारशे पानं आहेत (एका बेडकाचंही आहे, त्याच्या लांबीवरून दोन प्राध्यापक वर्षभर भांडताहेत), आणि कुणी कुठे काना-मात्रा हलवली तरी मला दिसतं. नऊ वर्षं ही उठाठेव करतो आहे, कुणी सांगितलेली नसताना. नियम असा की जे लिहायचं ते आधी कुठेतरी विश्वासू ठिकाणी छापून आलेलं पाहिजे. तुम्ही बदलाच्या कारणाच्या चौकटीत लिहिलंत, 'मी स्वतः मुलगा आहे, आणखी काय पाहिजे?' कारण अगदी खरं आहे, पण तुम्ही कुठे छापून आलेले नाही.

मग रागाच्या भरात तुम्ही अख्खं पान कोरं केलंत. ते आठ सेकंदांत परत आलं, कारण असली नासधूस ओळखायला तिथे एक यंत्र ठेवलेलं आहे. तुम्ही त्या यंत्राला 'तुझ्या बापाला विचार' असं लिहिलंत. त्याला बाप नाही, मामा. त्याने तुम्हाला 'ज्ञानकोशात आपलं स्वागत आहे' असं उत्तर दिलं, आणि मामींच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत.

त्यानंतर तीन नवे सदस्य उगवले: एक गृहिणी, एक निवृत्त कंपाउंडर आणि एक 'सत्यप्रेमी'. तिघांनाही आपल्या पुलाचा एकाच दुपारी पुळका आला, आणि तिघांनीही प्रत्येक वाक्याखाली 'म्हणून सिद्ध झाले' असं लिहिलं. छत्तीस वर्षं भूमिती शिकवल्यावर हात तसाच वळणार, हे मला कळतं. पण ते तिथल्या कुणालाही कळलं असतं, आणि कळलंच. चौघांवर मिळून दोन आठवड्यांची बंदी आली. (मामींना सांगा, गृहिणीचं खातं त्यांच्या नावाचं, म्हणून त्यांच्यावरही आहे.)

वर्तमानपत्राचं प्रकरण मात्र माझ्या अंगावर आलं. बंदी येण्याआधी मी दात काढायला गेलो होतो, त्या चार तासांत तुमचं वाक्य पानावर टिकलं, आणि नेमकं त्याच वेळी पुलाच्या वर्धापनदिनाचा मजकूर जुळवणाऱ्या वार्ताहराने ते उचललं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कात्रण घेऊन आलात. चप्पल न काढता दारातच ते मला वाचून दाखवलंत. मला इतकं हायसं वाटलं की गाल सुजलेला असतानाच मी आजोबांचं नाव चढवलं आणि खाली कात्रणाची तळटीप दिली. अर्ध्या तासात चष्मेवाली हजर. (ही कोण, कुठली, माहीत नाही, नावापुढे नुसत्या चष्म्याचं चित्र आहे.) तिने छापलेलं वाक्य आणि तुमचं वाक्य शेजारी शेजारी मांडलं. 'हे सर्वांस विदित आहेच' इथपर्यंत दोन्ही एकच. म्हणजे पेपराने आमच्याकडून घेतलं आणि आम्ही ते पेपराच्या नावावर परत घेत होतो. तिने नाव काढलं आणि मला, नऊ वर्षांच्या जुन्या माणसाला, फार गोड शब्दांत समज दिली. मग चर्चापानावर, जिथे पानाबद्दलचे वाद चालतात, मला कबूल करावं लागलं की आराखडेवाल्या आजोबांचा मी नातू लागतो. आता त्या पानाला हात लावायची मलाही मनाई आहे. तिकडून मी पक्षपाती, इकडून मी घरबुडवा.

मामा, तुम्हाला काय हवंय ते मला कळतं. पुलावरच्या पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या बायकोचंही आहे, आणि ज्या माणसाने त्या पुलापायी डोळे घालवले त्याचं नाही. तुम्हाला ते तुमच्या हयातीत कुठेतरी लिहिलेलं पाहायचंय. मला फार वाईट वाटतं. नाव खोडताना दहाही वेळा वाटलं.

मामींना नमस्कार. रागावलात तरी गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा (अजून म्हणत असाल तर) भाचा

ता. क. बंदी गुरुवारी उठते. तोवर आईच्या नावाने खातं काढू नका, तुम्ही तिला विचारलंत हे तिने मला आधीच सांगितलंय.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. छापील पुरावा मिळेल म्हणून मी तीन दिवस रजा टाकून बांधकाम खात्याच्या दप्तरखान्यात शिंकत बसलो. पुलाचा छापील अहवाल सापडला, नकाशांसकट. एकशे बारा नकाशे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात आजोबांची सही आहे, तुमच्यासारखीच, शेवटी शेपूट काढलेली. पण ती 'नक्कल करणार' या रकान्यात आहे. 'आराखडा' या रकान्यात दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. त्याचंही पुलावर कुठे नाही.

ता. क. तिसरा. पानाला हात लावायची मला मनाई आहे, पुरावा चर्चापानावर ठेवायची नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तो ठेवलेला नाही. पहिल्या नकाशाची एकच प्रत काढली, ती सोबत जोडली आहे. ठेवा, फाडा, किंवा गुरुवारी स्वतःच्या हाताने दोन्ही नावं चढवा. अहवालाचा क्रमांक मी कुठेही लिहून घेतलेला नाही. तो पाठ झालाय, त्याला मात्र माझा इलाज नाही.