हातचाकावरचा हार

मुलुंड, आश्विन शुद्ध एकादशी, १९८४

पास झाला! आमचा अ‍ॅक्च्युएटर पास झाला. आता वीजकेंद्रातला वाफेचा व्हॉल्व्ह त्याची मोटरच उघडेल, तीच बंद करेल. वीज गेली तरच माणसाने हातचाक फिरवायचं. पण मोटर चालू असताना ते चाक हलता कामा नये. मागच्या तपासणीत ते गर्रकन फिरलं आणि माझ्या जोडीदाराचं, साळवीचं मनगट मोडलं. आज पुन्हा तसं झालं असतं तर ऑर्डर गेलीच होती, मग आम्हा दोघांना कामावर कोण ठेवणार?

काल दसऱ्याच्या पूजेत मीच त्या चाकाला झेंडूचा हार घातला होता. आज काढायला गेलो, तर तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "राहू द्या. चाक फिरलं तर हारच सांगेल."

बटण दाबलं. मोटर घुमू लागली, व्हॉल्व्ह उघडू लागला. मी तिकडे पाहिलंच नाही. फक्त हार. थरथरला, पण फिरला नाही.

लांब उभा असलेला साळवी पुढे आला आणि मोटर चालू असतानाच, तोच तेव्हा मोडलेला हात त्याने चाकावर ठेवला. साहेब ओरडले, "अहो, हे काय?"

साळवी हसला. "गणपत, गाढ झोपलंय रे चाक! आता सोड तो एकादशीचा उपास, वडे आणतो."

"उद्या आण. पण माझे दोन विसरू नकोस."

संध्याकाळी देवापुढे डोळे मिटले, तर साळवीचा हातच दिसत राहिला. झेंडूच्या हाराशेजारी, निश्चिंत. देवाला चालेल, असं वाटतं.