चेन पाठीवर आहे

ती. वन्सं यांना साष्टांग नमस्कार.

(हा शब्द आजवर मी पत्रात नुसता सवयीने लिहीत आले. परवा मात्र पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात, एक पाय रबरी विजारीत आणि दुसरा हवेत असताना, आठही अंगं सतरंजीला टेकवून तो खरोखर घातला. समोर देव नव्हता, गल्ल्यावरची दुकानदारीण होती. तेव्हा तो तुमच्याच नावे जमा धरावा.)

तब्येत कशी आहे? विचारायची रीत म्हणून विचारते, उत्तर मला ठाऊक आहे. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई भेटल्या होत्या. म्हणाल्या, वन्सं घराबाहेर पडत नाहीत, आणि दिवसभर वरून नळ आवळल्याचा नि लावलेलं दार पुन्हा ओढून बघितल्याचा आवाज येतो. माझी तब्येत उत्तम, गुडघे सोडून. फोन तुम्ही उचलत नाही. एकदाच उचललात आणि "चेन नीट लागली नव्हती," एवढं बोलून खाली ठेवलात. डॉक्टर घसा फोडून सांगताहेत की तुमच्या भावाचं हृदय पाण्याखाली बंद पडलं, दुखणं आधीचंच होतं. पण डॉक्टरचं ऐकलं तर तुमच्या माहेरचं नाक कापलं जाईल. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच खाली ठेवता येत नाही. (येतं म्हणा. पण तुम्ही अर्धवट काही सोडणाऱ्यातल्या नाही.)

तर बातमी अशी की मी पाण्याखाली जायला शिकते आहे. आधी बसून घ्या. हो, याच वयात, याच गुडघ्यांनी. लग्न झाल्यापासून दर रविवारी त्या तळ्याच्या काठी मी थर्मास घेऊन कुडकुडत बसले. तुम्ही त्यांच्या पाठीवरची चेन लावायच्या, दोनदा ओढून बघायच्या, खांद्यावर थाप मारून 'जा' म्हणायच्या, आणि तुमचे बंधुराज बुडबुडे सोडत दिसेनासे व्हायचे. वर आले की ओठ निळे आणि चेहरा असा, जसा काही खाली कुणी सत्कार केला. काय आहे खाली, विचारलं की म्हणायचे, काही नाही, शांत असतं. म्हणजे घरी काय मी ढोल बडवत होते? ते एकदा जाऊन बघायचं आहे मला. बघून भांडायचं आहे. कुणाशी, ते खाली गेल्यावर ठरवीन.

शिकवणाऱ्याला आम्ही शिकाऊ मंडळी बेडूकमास्तर म्हणतो (तोंडावर नाही). माणूस भला, पण त्याच्याकडचे भाड्याचे ड्रायसूट सगळे पुरुषांच्या मापाचे. ड्रायसूट म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे आचाऱ्याला मिठाची चव सांगण्यासारखं आहे, तरी माझ्या अकलेप्रमाणे सांगते: आत लोकरीचे कपडे, वर हे रबरी कातडं, मानेला नि मनगटांना घट्ट पट्टी, आणि चेन शेवटपर्यंत लागलेली, म्हणजे पाणी आत शिरत नाही नि माणूस पाण्यात राहून कोरडा. हे पुस्तकात. प्रत्यक्षात त्या सूटचे पाय माझ्या पायांपेक्षा हातभर लांब. पोहण्याच्या तलावात मी जरा पुढे वाकले आणि आतली सगळी हवा एकमताने त्या रिकाम्या पावलांकडे निघून गेली. पाय वर, डोकं खाली. वरच्यांना फक्त दोन फुगलेले बूट दिसत होते. बेडूकमास्तरांनी बूट धरून मला मुळ्यासारखी उपटून सरळ केली. एवढ्यात मनगटातून पाणी शिरून कोपरापर्यंत गेलं होतं. (आपली मनगटं बारीक, वन्सं. बाईमाणसाला पाणी तिथूनच गाठतं.) ते गार पाणी कातडीवर चढत होतं आणि मला तुमची आठवण आली. रोज बसल्या बसल्या तुम्ही हेच मनात भोगता ना? माझी तर बोबडी वळली. बाहेर आल्यावर कितीतरी वेळ दात वाजत होते, आणि ते काही नुसत्या थंडीने नव्हे.

मास्तर म्हणाले, तुमच्या मापाचा सूट आणल्याशिवाय तळ्यात उतरवणार नाही. म्हणून दुकान. आणि तिथे मी काखेत काय घेऊन गेले? तुमच्या भावाचा सूट. दवाखान्यातून जी पिशवी आली होती ती तशीच, गाठही न सोडता, कपाटावर टाकली होती. तळ्याकाठी त्यांच्या छातीवरून तो कात्रीने उभा फाडला होता, हे तुम्ही पाहिलंय. मी डोकं लढवलं की पुढून ठिगळ लावू, कमरेला आत घेऊ, खालून दुमडू, बसेल. उभा जन्म दुसऱ्यांच्या विजारी बेतून वापरण्यात गेल्यावर माणसाला आणखी काय सुचणार? दुकानदारीण पिशवीकडे बघून म्हणाली, ती ठेवा बाजूला, आधी मापाचं बघू.

मग सुरू झाले हाल. छातीला बसणारा सूट कमरेला माझ्यासारख्या दोघींना पुरायचा, कमरेला बसणारा छातीवर श्वास घेऊ देईना. प्रत्येक सूट लोकरीच्या कपड्यांवरून चढवायचा, म्हणजे दुकानात घामाने चिंब. ती म्हणे, उकिडव्या बसा. बसले (गुडघ्यांचा आवाज गल्ल्यापर्यंत गेला). हात वर करा. केले, तर खालून असा काही काच बसला की मी मराठीतले निवडक शब्द वापरले. मानेची पट्टी पावडर लावून डोक्यावरून ओढली तेव्हा माझा निम्मा चेहरा आत आणि निम्मा बाहेर अडकला, नि मला वाटलं, बाळंतपण मुलाला कसं वाटत असेल ते आज कळलं. शेवटी एक सूट बसला. बायकांच्या मापाचा. उकिडवं बसता आलं, हात पाठीमागे गेले, मनगटाची पट्टी शिरांवरही चपखल. आरशात बघितलं, आणि क्षणभर तेच उभे आहेत असं वाटलं. जरा बुटके, जरा जाड, पण तेच. मी आरशाकडे पाठ केली.

तर पाठीवर चेन. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत आडवी. स्वतःचा हात पोचत नाही, कुणीतरी लावून द्यावी लागते. पुढे चेन असलेलेही सूट असतात, पण माझ्या मापाचा एकही मिळाला नाही. काय करणार, नाइलाज.

पैसे देऊन झाल्यावर तिने ती पिशवी गल्ल्यावर ओतली. फाटलेली छाती बघितली, मान हलवली, हा आता कामाचा नाही म्हणाली. मग उलटा केला, पाठीवरून बोट फिरवत गेली नि थांबली. तिला आपल्या घरातलं काहीएक ठाऊक नव्हतं. कापडवाल्याने कापडाबद्दल बोलावं तशा कोरड्या आवाजात म्हणाली, "चेन अजून बंदच आहे. पार शेवटच्या खाचेपर्यंत. ज्यांनी लावली, त्यांनी नीट लावली होती."

वन्सं, तळ्यावर मदतीला धावलेल्यांनी सूट पुढून फाडून काढला. चेन कुणी उघडलीच नाही. तळ्यावर नाही, दवाखान्यात नाही, मी तर पिशवीच सोडली नव्हती. तुम्ही दोनदा ओढून जिथे सोडलीत तिथेच ती आहे. तुम्ही तिकडे नळ आवळत बसलात आणि इकडे ती माझ्या कपाटावर बंद पडून होती. मी तिथेच एका खोक्यावर बसले नि दुकान उघडं असताना, गिऱ्हाइकांदेखत, रडले. ते गेले तेव्हा इतकी रडले नव्हते. दुकानदारीण बिचारी समजली की सूट कामाचा नाही म्हटल्याचं मला वाईट वाटलं. चांगलं ठिगळ लावून देऊ म्हणाली.

सूट परत पिशवीत घातला आहे. चेनला मी हात लावलेला नाही. लावणारही नाही. तुम्ही येऊन बघा.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना तुमचं तेल लागू पडतं, येताना आणलंत तर बरं.

तुमची,
भावजय

ता. क. येत्या रविवारी सकाळी तळ्यावर माझी पहिली बुडी आहे. काठाशीच, मास्तर सोबत आहेत. चेन लावायला बेडूकमास्तर तयार आहेत, पण परक्या पुरुषाची थाप पाठीवर घेऊन मी खाली जाणार नाही. थर्मास मी भरून आणते. आता तुम्ही कुडकुडत बसा.

ता. क. पुन्हा. वर एक थाप मारली आहे. पुढे चेन असलेला एक सूट मला अगदी मापात बसला होता. दुकानदारीण म्हणाली, हाच घ्या, कुणाची गरज लागणार नाही. म्हणूनच नाही घेतला.